मुरगुडांतील एक हबशी अंगठी व १७८० सालचें नाणें

मुरगुडांतील एका शेतकरी कुटुंबानें अलीकडे, चांदीचा भाव चढलेला पाहून, घरांतील मोडीचें रुपें सराफाकडे न्यावयाचें ठरविलें. त्या गांठोड्यांत तुटके वाळे, एक करगोटा, लहान मुलाच्या मनगट्या अशा नेहमींच्या जिनसा होत्याच. परंतु त्यांखेरीज एक जाड अंगठी व एक मोठें नाणें असे दोन डाग त्यांत निघाले कीं, ते कोणत्या देशचे हें घरांत कोणासच निश्चयानें सांगतां येईना. त्या घरचा मुलगा पूर्वीं आमच्या हाताखालीं शिकलेला. त्यानें मोड घालण्यापूर्वीं ते दोन्ही डाग आमच्याकडे आणिले. आठ दिवस ते आमच्याजवळ होते. तेवढ्या अवधींत जें पाहिलें व तोललें, आणि त्यावरून जें अनुमान करितां आलें, तें येथें देत आहों.

अंगठी हातघडणीची आहे. दोन तारांस एकमेकींभोंवतीं पीळ देऊन तिचें कडें केलें असून त्यावर चौकोनी बैठक झाळली आहे. बैठकीच्या मध्यभागीं एक उंचवटा व त्याच्या चारी कोपऱ्यांस रव्याच्या बारीक गोळ्या आहेत. गोळ्या सर्वत्र सारख्या नाहींत; तीन कोपऱ्यांत चार-चार तर चौथ्यांत पांच बसल्या आहेत, आणि झाळीचा एक ओघळ कड्याच्या आंतल्या अंगास तसाच राहून गेला आहे. सांच्यांतून निघालेल्या मालांत असें घडत नाहीं. आमच्या भागांतील छल्ला, वेढें, मुदी यांपैकीं कशाशींहि तिची घडण जुळत नाहीं. नाणें आपल्या जुन्या रुपयाहून पुष्कळ मोठें. वजन दोन तोळे व जवळजवळ पांच मासे. एका अंगास डोक्यावरून पदर घेतलेल्या, भरल्या अंगाच्या प्रौढ स्त्रीचा मुखवटा, दुसऱ्या अंगास दोन डोक्यांचा पक्षी, आणि त्याच्या भोंवतालच्या रोमन लिपींतील लेखाच्या शेवटीं १७८० हा आंकडा. घरांतील वडील माणसें या नाण्यास ‘राणीछाप’ म्हणतात. पक्षी पाहून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं ‘गंडभेरुंड’ असें नांव सांगितलें. तरुण मंडळींनीं साल वाचून तें पेशवाईंतलें ठरविलें होतें.

तिन्ही समजुती टिकणाऱ्या नाहींत, परंतु तिन्हींत थोडें थोडें तथ्य आहे. छाप राणीचाच आहे. मात्र व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९ सालचा, तेव्हां तिचा नव्हे. ही स्त्री ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा होय. पती वारल्यानंतर तिनें घेतलेला विधवेचा पदर नाण्यावर स्पष्ट दिसतो. द्विशीर्ष पक्षी म्हणजे त्या घराण्याचा गरुड. नाण्याचें नांव थालर. आजचा ‘डॉलर’ हा शब्द याच नांवाचा अपभ्रंश आहे. राहतां राहिलें साल. मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजीं मरण पावली, आणि तेथूनच या नाण्याची खरी हकीकत सुरू होते. राणी गेली तरी तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवरील व्यापारी तिच्या मुखवट्यावांचून दुसरें नाणें घेईनात. म्हणून तोच छाप, तेंच वजन, तोच कस आणि तेंच साल कायम ठेवून तें पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ पाडलें गेलें. प्रथम व्हिएन्ना, प्राग, मिलान, व्हेनिस येथें. आणि विसाव्या शतकांत रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम व मुंबई येथें. सारांश, नाण्यावरील १७८० हें साल नव्हे, तो छापाचा एक भाग आहे. आपल्याकडील नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस यांत नवल वाटूं नये. कंपनी सरकारच्या मुर्शिदाबादी रुपयावर शहाआलमचें ‘जुलूस सन १९’ हें वर्ष असेंच गोठून राहिलें होतें, आणि पुढें अनेक वर्षें पाडलेल्या रुपयांवरहि तेंच उमटत राहिलें.

वर मुंबईचें नांव आलें त्याकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट सांगून टाकतों. आमच्या गांवचें नांव परगांवचे लोक हमखास ‘मुरूड’ असें वाचतात. आमचीं टपालें जंजिऱ्यास जाऊन परत आल्याचेंहि आम्हीं अनुभविलें आहे. मुरूड म्हटलें कीं सिद्दी आठवतात, आणि सिद्दी म्हटले कीं हबशी. बखरींतून ‘हबसाण’ हा शब्द जंजिऱ्याच्या मुलुखासच लाविलेला आढळतो. मूळचा हबश देश, म्हणजे अबिसिनिया अथवा इथिओपिया, आमच्या बखरकारांच्या दृष्टिपथांत फारसा नव्हता. त्यामुळें मराठी इतिहासांत हबशी येतो तो तलवार घेऊन किंवा गलबतावर चढून. मलिक अंबर झाला, जंजिऱ्याचे सिद्दी झाले; परंतु त्याच देशांत ऐरणीपुढें बसून रुप्याची तार ओढणारा मनुष्य आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं स्वतः अंगठी हातीं घेतली तेव्हां प्रथम ती अरबस्तानांतील म्हणून बाजूस ठेविली होती. कारागिरी आणि हबशी हे दोन शब्द आमच्याहि मनांत एकत्र आले नव्हते, हें कबूल करावयास हवें.

हबश देशांत रुप्याची खाण म्हणण्यासारखी नाहीं. तेथें रुपें येई तें नाण्याच्या रूपानें. कॉफी, कातडीं, हस्तिदंत बाहेर जाई आणि मोबदल्यांत थालर आंत येत. घेणारा नाणें डोळे झांकून घेत नसे. राणीच्या खांद्यावरील पदकाचे व मस्तकावरील अलंकाराचे मोती मोजून, तीं खरवडलीं किंवा झिजलीं नाहींत ना हें पाहून मगच घेई. मेनेलिक बादशहानें १८९४ पासून स्वतःच्या नांवाचीं नाणीं पॅरिसहून पाडवून आणिलीं, तरीहि लोकांचा विश्वास मेलेल्या परदेशी राणीवरच राहिला. या आवडीचा अनुभव मुंबई इलाख्यास फार पूर्वीं आला होता. १८६७ सालीं जनरल नेपियर यांची अबिसिनियावरील मोहीम मुंबईहूनच निघाली. फौज, खेचरें, हत्तीसुद्धां जहाजांतून गेले. परंतु तेथील गांवकऱ्यांकडून दाणावैरण घ्यावयाची तर कंपनीचा रुपया नको, राणीचा रुपया नको, थालरच पाहिजे. तेव्हां व्हिएन्नाच्या टांकसाळीकडून लक्षावधि थालर मुद्दाम मागवावे लागले. एप्रिल १८६८ मध्यें मग्दाला पडला आणि फौज परतली; थालर मात्र तेथेंच राहिले, आणि त्यांतले किती मूशींत गेले हें सोनारच जाणोत.

आतां मुंबईविषयीं. १९३५ सालीं इटलीनें अबिसिनियावर स्वारी करण्याच्या सुमारास ऑस्ट्रियाकडून थालराचे ठसे मिळविले व तें नाणें पाडण्याचा मक्ता आपणाकडे घेतला. तें नाणें ज्याच्या हातीं त्याच्या हातीं तेथील बाजार, हें त्यांनीं ओळखलें होतें. प्रत्युत्तरादाखल लंडन व पॅरिस येथेंहि तेंच नाणें पाडूं लागले. जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरली. पूर्व आफ्रिकेंत फौज पाठवावयाची म्हणजे पुन्हा १८६७ चीच अडचण, आणि लंडन दूर व समुद्र धोक्याचा. म्हणून १९४० व १९४१ सालीं मुंबईच्या फोर्टांतील टांकसाळींत, व्हिएन्नाच्या राणीचा मुखवटा व १७८० हें साल असलेले, कोटीच्या वर थालर पाडण्यांत आले.

याच दोन वर्षांत त्याच टांकसाळींत आपल्या रुपयाचें काय झालें तें पाहिलें पाहिजे, आणि तें सोनाराच्या मापानें पाहिलें पाहिजे, कारण त्या मापांत हिशेब विलक्षण सरळ बसतो. १८३५ पासून रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे १८० ग्रेन. त्यांत शुद्ध रुपें १६५ ग्रेन. बारा माशांचा तोळा धरला तर अकरा मासे रुपें व एक मासा हीण. थालराचा कस हजारीं ८३३, म्हणजे तोळ्यास दहा मासे. त्याच्या सबंध वजनांत शुद्ध रुपें भरतें तें जवळजवळ बरोबर दोन तोळे. १९४० सालीं सरकारनें रुपयाचा कस निम्म्यावर आणिला. निम्में रुपें आणि बाकी तांबें, निकेल व जस्त. म्हणजे तोळ्यास सहा मासे. एकाच इमारतींत, एकाच सालीं, हिंदी रयतेसाठीं सहामाशी रुपया पडत होता आणि हबशी रयतेसाठीं दहामाशी थालर! हबशास कमी कसाचें नाणें देतां येत नव्हतें, कारण तो तें घेताच ना. आम्हांस देतां येत होतें, कारण आम्हांस नाकारण्याची सोय नव्हती. लोकांनीं उत्तर दिलें तें एवढेंच कीं, जुने अकरामाशी रुपये मडक्यांत व भिंतींत दडपले. सरकारनें १९४१ पासून जुने छाप एकामागून एक चलनांतून रद्द केले, आणि १९४७ सालीं तर रुपयांतून रुपें पार नाहींसें होऊन तो निव्वळ निकेलचा झाला. दडविलेले रुपये हळूहळू सोनाराच्या मूशींत गेले.

येथें नाणें आणि अलंकार यांचा मूळचा संबंध सांगणें प्राप्त आहे. ‘रूप्य’ हा शब्द पाणिनीनें ‘रूप’ शब्दापासून साधिला आहे, आणि तो साधतांना दोन अर्थ सांगितले आहेत: एक ठसा उमटविलेलें, दुसरा प्रशंसनीय रूपाचें. म्हणजे आमच्या भाषेंत धातूचें नांवच नाण्यावरून पडलें; ज्यावर रूप उठविलें तें रूप्य, पुढें तेंच ‘रुपें’, व त्याचेंच ‘रुपया’. ‘मुद्रा’ हा शब्दहि तसाच. मुद्रा म्हणजे ठसा, मुद्रा म्हणजे नाणें, आणि मुद्रा म्हणजे बोटांतील अंगठी. मुद्राराक्षसांत राक्षसाचा घात होतो तो एका अंगठीनें, कारण ती अंगठीच त्याची मोहोर आहे. अमरसिंहानें साधी अंगठी व अक्षरें कोरलेली अंगठी यांस वेगवेगळीं नांवें दिलीं आहेत. हबश देशाच्या अम्हारिक भाषेंत नाण्यास ‘बिर’ म्हणतात व त्याचा मूळ अर्थ रुपें असाच आहे. तेथील राजचलनाचें नांव आजहि बिर आहे, जरी त्यांत रुपें नसलें. शब्दांची अशी जोडी दोन दूरच्या देशांत आपोआप पडत नाहीं. जेथें रुपें हें नाणें होऊनच घरांत येतें, तेथेंच ती पडते.

हबशी रौप्यकार काम करी तें गिऱ्हाइकाच्या नाण्यांवर. ज्यास अंगठी, पैंजण, केसांतील कांटा किंवा गळ्यांतील क्रूस हवा असेल त्यानें थालर आणून द्यावयाचे. कारागिरानें ते मूशींत वितळवून, ठोकून, तार ओढून वस्तु घडवावयाची. नाण्याचा कस सर्वांस माहीत असल्यामुळें वस्तूचा कसहि ठरलेलाच. उरलेली चोरी करावयास जागा किती हें कौटिल्यास विचारावें. अर्थशास्त्रांत त्यानें सोनाराच्या हातचलाखीचे पांच प्रकार नांवनिशीवार दिले आहेत. त्यांतील तराजूची लबाडी, हिणाचा बदल आणि आंत शिसें भरून वरून पत्रा चढविणें हे प्रकार वाचले कीं ग्रंथकर्ता मंत्री होता कीं दुकानदार असा प्रश्न पडतो. हबश देशांतहि धातूचें काम करणाराविषयीं संशय होताच, पण तो निराळ्या तऱ्हेचा. तेथें विशेषतः लोहाराची दृष्ट लागते व रात्रीं तो तरसाचें रूप घेतो अशी समजूत होती. जमीन बाळगणारा व तलवार बांधणारा श्रेष्ठ, आणि अग्नीशीं खेळणारा भयंकर व हलका. आमच्याकडे सोनारानें दैवज्ञपणाचा हक्क सांगितला, वाद घातले, संतांच्या मांदियाळींत नरहरी सोनारास स्थान मिळालें. तिकडे कारागिराच्या वांट्यास तसें कांहीं आलें नाहीं.

थालर हबश देशावरच थांबला नाहीं. तांड्यांबरोबर तो सुदानांतून पश्चिमेकडे सहाराच्या पोटांत गेला आणि तेथील तुआरेग लोकांच्या कारागिरांच्या हातीं पडला. तुआरेग सोन्यास अशुभ मानतात. त्यांचा मान रुप्यास. त्यांच्यांतील कारागीर, ज्यांस ‘इनादन’ म्हणतात, ते वेगळ्या कुळांचे. बहुधा आपसांतच लग्नें करणारे व आपली गुप्त बोली बाळगणारे. आपल्याकडील दलालांची नंदभाषा ज्यांनीं ऐकली आहे त्यांस हें चटकन् ध्यानीं येईल. त्यांची अंगठी घडविण्याची एक रीत अशी: प्रथम मेणाची अंगठी करावयाची, तीवर ओली माती लिंपून ती वाळवावयाची, मग तापवून मेण ओतून टाकावयाचें व त्या पोकळींत वितळलेलें रुपें सोडावयाचें. थंड झाल्यावर मातीचें कवच फोडावयाचें. कवच फुटलें कीं तो सांचा पुन्हा मिळणें नाहीं, म्हणून प्रत्येक अंगठी एकुलती एक. मग कानशीनें घासून, टांकानें रेघा कोरून ती पुरी करावयाची. ऐरण जमिनीत ठोंकलेली, भाता बकऱ्याच्या कातड्याचा, विस्तव कोळशाचा.

हें वर्णन वाचून आम्हांस मानसोल्लास आठवला. कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेला हा ग्रंथ. आमच्या कोल्हापूरचे शिलाहार त्याच घराण्याचे मांडलिक. त्यांत धातूची मूर्ति ओतण्याचा जो विधि सांगितला आहे तो हाच: मेणाची प्रतिमा, मातीचे लेप, तापवून मेण काढणें, रस ओतणें. इतकेंच नव्हे तर मेण तोलून धातु किती घ्यावी याचेंहि गणित दिलें असून रुपें मेणाच्या बारापट घ्यावें असें म्हटलें आहे. विधि सारखा म्हणून तो आमच्याकडून तिकडे गेला किंवा तिकडून इकडे आला असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्हांस तो होत नाहीं. मेण, माती आणि विस्तव जेथें आहेत तेथें हें सुचणें शक्य आहे. पश्चिम आफ्रिकेंतील लोक या रीतीनें पितळ व कांसें ओतीत असल्याचे पुरावे पुष्कळ जुने आहेत. मुरगुडची अंगठी मात्र या ओतीव पद्धतीची नव्हे. ती तार व रवा यांच्या कामाची आहे, आणि तांबड्या समुद्राच्या बाजूच्या रौप्यकारांची ही विशेष रीत आहे.

आतां आमच्या बाजूची गोष्ट. हिंदुस्थानांतहि रुपें बहुतेक सारें समुद्रावरूनच आलें आणि नाणें होऊन घरोघर गेलें. शेतकऱ्याच्या घरांत बचत ठेवावयाची जागा म्हणजे घरधनिणीचे पाय. सोनें कमरेखालीं घालूं नये असा शिष्टाचार. तेव्हां अनवट, जोडवीं, विरोद्या, मासोळ्या, वाळे, पैंजण हें सारें रुप्याचें. सुगी चांगली झाली कीं पांच-दहा रुपये सोनाराकडे जात व त्यांचे दागिने होऊन येत. दुष्काळ पडला कीं ते दागिने उलट वाटेनें जात. खजिन्यांत नाणें पारखणारा तो पोतदार. तेंच आडनांव पुढें अनेक सोनार घराण्यांस चिकटलें आहे, यावरून पारख आणि घडण हीं कामें एकमेकांस किती लागून होतीं तें दिसतें. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंतील बायकांच्या अंगावरचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळींत जाऊन वितळले. तोंपर्यंत निदान एक सोय होती: कोणाहि मनुष्यानें रुपें टांकसाळींत न्यावें आणि अल्प आकार देऊन त्याचे रुपये पाडून घ्यावे. १८९३ सालीं ती वाट बंद झाली. त्या दिवसापासून रुपयाची किंमत त्यांतील रुप्याहून वेगळी झाली, आणि बाईच्या पायांतील रुपें, जें कालपर्यंत रुपयाच्या तोडीस तोड होतें, तें बाजारभावाच्या स्वाधीन झालें. चलनाच्या इतिहासांत १८९३ ची चर्चा सरकारी हुंड्या व विलायतचा खर्च यांच्या अनुषंगानें विपुल झाली आहे. पैंजणांच्या बाजूनें ती व्हावी तशी झालेली नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत या धंद्याचें आजचें मुख्य ठाणें हुपरी. मुरगुडाहून कागलावरून तेथें जातां येतें. शंभर वर्षांहून अधिक काळ तेथें रुप्याचे दागिने घडत आहेत, आणि रेंदाळ, पट्टणकोडोली, इंगळी, यळगूड, तळंदगे अशा भोंवतालच्या गांवांतून त्याचें काम पसरलें आहे. व्यापारी रुपें तोलून देतो. धडी उत्पादक तें घेऊन माल करून देतो व मजुरी घेतो. तार एकीकडे, कड्या दुसरीकडे, घुंगरू तिसरीकडे. घरोघर बायका कड्या जोडतात. एक पैंजण पुरें होईपर्यंत दहा हातांतून जातें. सहारांतील इनादन एका अंगठीचा आरंभ व शेवट एकटाच करितो; म्हणून त्याच्या मालावर त्याचा हात ओळखूं येतो, हुपरीच्या मालावर हुपरी ओळखूं येते. यांत श्रेष्ठकनिष्ठभाव लावण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु हुपरीच्या कारागिरांचीं नांवें, त्यांच्या वस्तूंचे नमुने, जुन्या जंतरपट्ट्या व ठसे यांची नोंद ठेवण्याची वेळ आतांच आहे, कारण यंत्रांवर होणाऱ्या मालानें हातघडणीस मागें सारलें आहे आणि जुना नमुना भाव चढला कीं सर्वांआधीं मूशींत जातो.

पुन्हा मुरगुडच्या दोन डागांकडे येऊं. ते घरांत आणिले कोणीं, याविषयीं कुटुंबांत एकवाक्यता आहे. विद्यमान कर्त्या पुरुषाचे वडील मराठा पलटणींत होते व दुसऱ्या महायुद्धांत ते ‘हबशांच्या मुलुखांत’ लढून आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें इरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांवर लढल्या हें प्रसिद्ध आहे. २७ मार्च रोजीं केरेन पडलें. ‘केरन’ हा शब्द त्या घरांत अद्याप उच्चारला जातो, आणि तो कोणत्याहि पुस्तकांतून आलेला नाहीं. केरेन येथें रौप्यकारांची पेठ आहे व ती आजहि प्रसिद्ध आहे. अंगठी तेथलीच असें आम्ही म्हणत नाहीं. त्या बाजूची खास. आमच्या विनंतीवरून एका अनुभवी सोनारांनीं ती कसोटीस लाविली. त्यांच्या मतें रुपें तोळ्यास दहा माशांच्या आसपास आहे. सोन्याइतका रुप्याचा कस कसोटीवर निर्णायक नसतो हें खरें. तथापि अकरामाशी रुपयाच्या रुप्याहून तें हलकें, व सहामाशी रुपयाच्या रुप्याहून पुष्कळ उंच, एवढें त्यांनीं निःशंकपणें सांगितलें. थालर वितळवून केलेल्या अंगठीचा कस जेथें यावा तेथेंच तो येतो.

नाणें कोणत्या टांकसाळीचें हें गरुडाच्या शेपटींतील पिसें, पदकाचे मोती इत्यादि सूक्ष्म खुणांवरून तज्ज्ञ ओळखतात. आम्हीं त्याचे दोन्ही अंगांचे ठसे लाखेवर घेऊन ठेविले आहेत. तें मुंबईचें असणें शक्य आहे, कारण त्या मोहिमेच्या ऐन काळींच मुंबईचे थालर तिकडे जात होते. परंतु बाजारांत व्हिएन्ना, लंडन व रोमचे थालरहि एकत्रच फिरत असल्यामुळें केवळ काळ जुळतो एवढ्यावरून तें ठरवितां येत नाहीं. इतकें मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, कोल्हापूर, सातारा, बेळगांव, रत्नागिरी या भागांत फौजी घरें पुष्कळ आहेत. त्यांच्या गांठोड्यांत असें नाणें निघाल्यास १७८० या आंकड्यावरून तें पेशवाईंतील व्यापाराचा पुरावा म्हणून पुढें करूं नये. असें एक विधान आम्हीं छापलेलें पाहिलें आहे. लेखकाचें नांव देण्याचें कारण नाहीं. आठ दिवसांपूर्वीं आम्हींहि तसेंच लिहिलें असतें.

मोड घालावयाच्या रुप्यांतून अंगठी व नाणें कुटुंबानें वगळलीं आहेत. डाग परत करावयास आम्ही गेलों तेव्हां घरच्या वडील बाईंनीं, त्या शिपायाच्या सुनेनें, आपण होऊन सांगितलें कीं नाणीं मुळांत तीन होतीं. त्यांचें लग्न ठरलें तेव्हां सासऱ्यांनीं दोन नाणीं येथल्याच सोनाराकडे देऊन त्यांचीं जोडवीं करविलीं. नाणें तोलतांना सोनार कुरकुरला, हें रुपें रुपयाइतकें चोख नाहीं म्हणाला, आणि दोन नाण्यांवर बट्टा धरून त्यानें हिशेब केला, हें त्यांना पन्नासांहून अधिक वर्षांनंतरहि स्पष्ट आठवतें. त्या सोनारास मारिया थेरेसा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण अकरा आणि दहा यांतील एका माशाचा फरक त्याच्या हातानें ओळखला होता. तीं जोडवीं कोठें आहेत असें आम्हीं विचारिलें. बाईंनीं लुगड्याची किनार किंचित् वर करून पाय पुढें केला. आमच्याजवळ तराजू होता. परंतु त्यांचे यजमान तेथेंच ओसरीवर बसले होते, आणि सुवासिनीच्या पायांतील जोडवीं तोलण्यासाठीं उतरवावयास सांगणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.